कोरड्या दगडांना विरजण

मी ट्रकवरून पडलो तेव्हा दुपार उतरणीला लागली होती. मालावर ताडपत्री टाकून दोरी आवळत होतो. दोरी तुटली आणि मी मागच्या मागे गेलो. पडायला फार वेळ लागला असं मला अजूनही वाटतं. आभाळ, यार्डातल्या क्रेनचा पिवळा हात, उडत जाणारा बगळा, सगळं एकेक करून बघून झालं आणि मग जमीन आली.

पनवेलच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मणक्याला तडा आहे. नशीब, सरकला नाहीये," ते म्हणाले. "ऑपरेशन नको. पण आडवं पडून राहायचं. पाठ सांगेल तेव्हाच उठायचं."

आमचं गाव पेण आणि वडखळच्या मधे, खाडीला लागून. आजोबा आणि वडील मिठागरात राबले. जिथे मिठाचे वाफे होते तिथे आता कंटेनर एकावर एक रचलेले असतात, आणि आमच्या घरात मिठाच्या जागी दोन ट्रक आले. एक मी चालवायचो. दुसऱ्यावर रेवदंड्याचा एक ड्रायव्हर होता, माझ्याहून वयाने मोठा आणि बोलायला कमी. घरात आई, मी आणि बायको. बायको पालीजवळच्या भातशेतीवाल्या घरातली. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती, पण त्यातला बराच काळ मी हुबळी, वापी, अंकलेश्वर अशा रस्त्यांवर काढलेला. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल बोलणं आम्ही कधी थांबवलं ते आता दोघांनाही आठवत नसावं. मी घरी यायचो तो पाहुण्यासारखा. आवडीचं जेवण व्हायचं, कपडे धुतले जायचे, आणि मी पुन्हा निघायचो.

आता पाहुणा बाहेरच्या खोलीत पलंगावर पडला आणि जायचं नावच घेईना.

पहिले काही दिवस आम्ही एकमेकांसमोर अवघडून गेलो. ती खोलीत आली की मी डोळे मिटायचो. मी हाक मारली की ती दारातूनच विचारायची, "काय हवंय?" ट्रकचे फोन आधी ती मला आणून द्यायची. मग एकदा मी औषधाच्या गुंगीत होतो, तेव्हा तिनेच घेतला. डोळे मिटलेले असताना मला तिचा आवाज ऐकू येत होता. गाडी कुठे लागली आहे, माल कधी उतरणार, टायरचं काय, असं ती नीट, न चिडता विचारत होती. ड्रायव्हर तिला वहिनी म्हणत होता. माझ्याशी चार शब्द न बोलणारा तो माणूस तिला रस्त्यातलं सगळं सांगत होता.

त्याच दिवसांत मोबाइलवर चाळताचाळता मला तो व्हिडिओ दिसला. काचेची टाकी, निळसर उजेड, आणि पाण्यात नुसते दगड. मासा नाही, गाणं नाही, कुणी बोलत नाही. दगडांच्या छिद्रांतून काहीतरी बारीक बाहेर येत होतं, आत जात होतं. मी तो किती वेळा पाहिला कोण जाणे. बघताबघता पाठीतली कळ लांब कुठेतरी, दुसऱ्याच कुणाच्या पाठीत असल्यासारखी व्हायची.

"दिवसभर दगडं बघता?" बायकोने एकदा मान वाकवून विचारलं.

"जिवंत दगड आहेत."

ती पलंगाच्या कडेला टेकली. तिनेही तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटतालाटता आतून म्हणाली, "ती टाकी आपल्याकडे नाही का ठेवता येणार? तुमच्या समोरच्या भिंतीला?"

पेणच्या मासेवाल्याने खाऱ्या पाण्याचं नाव काढताच हात जोडले. गोड्या पाण्यातले मासे न्या म्हणाला, ते बिचारे कशातही जगतात. मग तिनेच पनवेलचं एक दुकान शोधलं आणि एका सकाळी एसटीने निघाली. दुकानातून मला व्हिडिओ कॉल लावला. दुकानदार तिशीतला, दाढीवाला, बोलताना हातातली जाळी हलवणारा. तो तिला समजावत होता आणि मी पलंगावर उताणा, फोन तोंडावर धरून ऐकत होतो.

"ताई, दगड दोन तऱ्हेचे," तो म्हणाला. "लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रात राहिलेला, ओलाच आणलेला दगड. त्याच्या भोकाभोकांत जीव असतात. मासे घाण करतात, त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष पचवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्याच्यात आयतेच असतात, म्हणून टाकी लवकर तयार होते. पण त्याच्याबरोबर काय काय येईल ते आपल्या हातात नाही. रस्त्यात त्याच्यातलं काही मेलं तर सगळं पाणी नासतं. शिवाय समुद्रातून पोवळं तोडून आणणं गुन्हा आहे, मी असला माल ठेवत नाही. ड्राय रॉक म्हणजे हा." त्याने एक पांढरा, जाळीदार दगड उचलून फोनसमोर धरला. "कोरडा. मेलेला. ह्याच्यात काही नाही, म्हणून भीतीही नाही. पण जीव आपण घालायचा आणि थांबायचं."

"किती थांबायचं?" तिने विचारलं.

"ते पाणी ठरवणार."

मी फोनमधून ओरडलो, "अगं, मेलेले दगड नको आणूस! कुणाकडे जुनी टाकी असेल, त्यातले ओले मिळतात का विचार!"

तिने फोन बंद केला की रेंज गेली, हे मला कधीच कळलं नाही. संध्याकाळी टेम्पो दारात लागला. तीन फुटी टाकी, पंप, दिवा, समुद्री मिठाची बादली आणि गोणीभर पांढरे दगड. मी तोंड फिरवलं.

"थांबायची तयारी असेल तर हेच न्या, असं म्हणाला तो," ती गोणी ओढत म्हणाली. "आपण थांबलेलोच आहोत की."

आईला मात्र दगडांचं काही वाटलं नाही. तिचं लक्ष बादलीकडे होतं. झाकण उघडून तिने बोट बुडवलं, चाटलं, आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मीठ? मीठ इकत आनलास? या घरान?"

"आई, ते साधं मीठ नाही," बायको म्हणाली. "समुद्रात मिठाशिवाय आणखी जे काय काय असतं ना, ते सगळं असतं त्यात. नुसत्या मिठाच्या पाण्यात ते जीव मरतात."

आई पुन्हा चाटून विचार करत राहिली. "कडू हाय," ती म्हणाली. "मीठ जमलं का वर जे कडू पानी रवायचं, ते आमी खाडीन सोरून द्यायचो. तेच भरून इकतान व्हय ही लोकां?" आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. नंतर येईल त्या माणसाला ती हे सांगायची. मला बघायला आलेला माणूस माझी पाठ विसरून बादली बघायला जायचा.

बायकोने दगड अंगणात धुतले. मी पलंगावरून सांगत होतो आणि ती मला हवं तसं रचत होती. निदान मला तसं वाटत होतं. खरं तर ती ऐकायची आणि मग स्वतःला हवं तसं ठेवायची. एक मोठा दगड आडवा, त्याला टेकून दोन, मधे पोकळी. पाणी भरलं, पंप लावला, दिवा लावला. खोलीच्या भिंतीवर पाण्याच्या उजेडाची जाळी हलायला लागली. ती माझ्या चादरीवर यायची, आईच्या पांढऱ्या केसांवर यायची. टाकीत पाहण्यासारखं काहीच नव्हतं, तरी आम्ही तिघं त्या संध्याकाळी जेवणं तशीच ठेवून बसलो.

दोन-चार दिवसांनी रेवदंड्याचा ड्रायव्हर आला. वहिनीकडून त्याने ऐकलं होतं, की मला जिवंत दगड हवा होता आणि मिळाला नाही. तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात झाकणाची बादली होती.

"दादा, ओहोटीला गेलतो," तो म्हणाला. "किल्ल्याच्या मागं खडकात सुटा पडला होता. काय तोडलं न्हाय, मोडलं न्हाय. तुमच्यासाठी आनला."

आपल्या किनाऱ्याचा साधा काळा दगड, नारळाएवढा. पण त्याला बोट टेकवायला जागा नव्हती. एका बाजूला कालवं चिकटलेली, दुसरीकडे शेवाळ, खाचेत बारीक शंख, आणि खालच्या अंगाला मऊ, विटकरी, गोळा होऊन बसलेलं काहीतरी. मी बायकोकडे पाहिलं. पांढरे दगड तिचे होते. नको म्हणाली असती तर मी हट्ट धरला नसता.

ती बादलीत वाकून बघत होती. "असू दे," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आलाय."

तिने तो पांढऱ्या दगडांच्या मधल्या पोकळीत ठेवला. तासाभराने ते विटकरी गोळा झालेलं उघडलं. फुलासारखं, पण प्रत्येक पाकळी वेगळी हलणारी. समुद्रफूल म्हणतात त्याला, हे मी नंतर वाचलं. शंख काचेवर चढले. दगडाखालून नखाएवढा खेकडा बाहेर आला, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी भराभरा काहीतरी खायला लागला.

"पोहे खातोय बघा," बायको म्हणाली.

ते दोन-तीन दिवस आठवले की मला आजही ते पाण्याखालीच घडल्यासारखे वाटतात. घरातले आवाज हळू झाले होते. ती कामं आटोपून यायची, जमिनीवर बसायची आणि माझ्या पलंगाला डोकं टेकवायची, कारण तिथूनच टाकी नीट दिसायची. माझा हात तिच्या केसांजवळ असायचा. "तो बघा, तिकडे," ती म्हणायची. मी म्हणायचो, "कुठे?" मला दिसलेलं असायचं. तरी मी विचारायचो. आई कालवांकडे बघून जेवणाचा विषय काढायची आणि आम्ही दोघं एकदम "आई!" म्हणायचो.

मग पाणी धुरकट झालं. आधी वाटलं काच पुसायची राहिली. दुसऱ्या सकाळी समुद्रफूल मिटलं ते उघडलंच नाही. कालवांची तोंडं उघडी पडली. शंख एकेक करून खाली पडले. दुपारपर्यंत घरात असा वास भरला, की आईने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि शेजारच्या घरातून कुणीतरी काय सडलंय म्हणून विचारायला आलं. पांढऱ्या दगडांत ते विष पचवणारे जीव अजून नव्हतेच. एक मेलं, त्याच्या विषाने दुसरं मेलं, असं ते एका दगडावरचं सगळं गाव आमच्या डोळ्यांदेखत गेलं.

मी पडून होतो. बायको बादल्या भरभरून पाणी अंगणाबाहेर नेत होती. तिचे हात खांद्यापर्यंत ओले होते आणि ती रडत होती. हुंदका नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. मला उठता येत नव्हतं. एकदा ती माझ्या पलंगाजवळून जाताना मी तिचा ओला पदर धरला. ती थांबली. बादली तिने खाली ठेवली नाही, पण पदरही सोडवून घेतला नाही. मग म्हणाली, "खेकडा आहे. जिवंत आहे."

तो एकटा वाचला होता. तिने त्याला ड्रायव्हरने आणलेल्या समुद्राच्या उरल्यासुरल्या पाण्यात, त्याच झाकणाच्या बादलीत ठेवलं आणि त्या ड्रायव्हरलाच फोन लावला. "गाडी रिकामी आहे ना? रेवदंड्याला जाताना मला घेऊन जा. उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या ट्रकमधे बसून गेली. आमच्या इतक्या वर्षांत ती ट्रकमधे कधी बसली नव्हती, आणि मी बस म्हटलं नव्हतं. ट्रकची चढायची पायरी उंच असते. आईने खालून हात दिला, ड्रायव्हरने वरून. मला खिडकीतून फक्त ट्रकचा वरचा भाग दिसला, आणि काचेमागे तिचं डोकं.

ती दुपारी परत आली, केस विस्कटलेले, पावलांना वाळू. पलंगाजवळ बसली आणि बोलायला लागली. ती इतकी बोलते हे मला माहीत नव्हतं.

"वरून सगळं वेगळंच दिसतं हो," ती म्हणाली. "लोकांची छपरं दिसतात. छपरावर काय काय ठेवतात लोक! एकीने मिरच्या घातल्या होत्या, एकाने जुना टीव्ही ठेवला होता. पोयनाडच्या पुढे झाडं इतकी खाली आलीत, फांद्या काचेवर घासत होत्या. तुम्हाला रोज हे दिसायचं?"

मला दिसत असणार. पण मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला सांगितलं तर अजिबातच नव्हतं. मी विचारलं, "मग?"

"मग पुलावरून खाडी. पाणी उतरत होतं. ड्रायव्हरदादांनी गाडी बाजूला लावली, आम्ही खडकांपर्यंत चालत गेलो. मी बादली पाण्यात आडवी केली. खेकडा बाहेर आला, असा थांबला, परत बादलीत गेला. मला वाटलं, आता काय करू? मग लाट आली आणि त्याला घेऊन गेली. दिसला पण नाही."

"आणि तो काळा दगड?"

"तोही ठेवला, त्याच्याच जागेत. ड्रायव्हरदादांनी जागा दाखवली. खालच्या चिखलात त्याचा खड्डा अजून तसाच होता. बरोबर बसला."

मी डोळे मिटले आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली, पोयनाडपासून. मी तसं म्हटलं नव्हतं. मी ज्या रस्त्यावरून शेकडो वेळा गेलो होतो, त्या रस्त्यावरून त्या दुपारी पहिल्यांदा गेलो, पाठीवर पडल्या पडल्या.

पांढरे दगड पुन्हा धुतले गेले, उन्हात वाळले, पुन्हा पाण्यात गेले. ह्या खेपेला आम्ही दुकानदाराने सांगितलं तसंच केलं. पाण्यात त्या विष पचवणाऱ्या जिवांची बाटली ओतली, आणि त्यांना खायला म्हणून एक कच्ची कोळंबी टाकली. आईने बाजारातून आणलेल्यातली बरी बघून दिली आणि दगडाच्या देवाला निवेद म्हणून हात जोडले. आठवड्यातून एकदोनदा बायको काचेच्या नळीत पाणी घ्यायची, औषधाचे थेंब टाकून हलवायची आणि उजेडात रंग बघायची. पाणी हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर नाही.

"हिरवं वाईट आणि पिवळं चांगलं?" ती म्हणायची. "आमच्या शेतात उलटं असतं."

लोक मला बघायला यायचे. टाकीसमोर उभे राहायचे, डावीकडून बघायचे, उजवीकडून बघायचे. "मासे कुठायत?"

"निजल्यान," आई सांगायची. एक लांबची मावशी खरंच आवाज खाली करून बोलायला लागली.

टाकीत काही नव्हतं आणि आम्ही बघत होतो. दुपारी पंपाचा आवाज, भिंतीवर हलणारी जाळी, आईचं घोरणं. कधी मी झोपायचो आणि जागा व्हायचो तेव्हा बायको तिथेच बसलेली असायची, मांडीवर फोन. तिच्या मनात काय चाललंय हे विचारायची मला हळूहळू सवय लागली. कधी ती ट्रकबद्दल सांगायची, कधी माहेरच्या ओढ्याबद्दल. एकदा म्हणाली, "मूल झालं असतं तर ह्याच भिंतीला त्याचं कपाट ठेवलं असतं आपण." इतक्या वर्षांनी तो विषय निघाला आणि घर पडलं नाही. मी म्हटलं, "हो, खिडकीही जवळ आहे."

दगडांवर आधी तपकिरी धूळ बसली, मग ती गेली, मग कडेकडेने हिरवी लव आली. बायको खूश झाली. भाताचा राब उगवल्यावर तिचे वडील वाकून बघायचे, तशी ती वाकून बघायची. नळीतलं पाणी एक दिवस पिवळं आलं आणि पिवळंच राहिलं. पण लवेच्या आत दगड पांढरेच होते. धुतलेल्या हाडांसारखे.

तिने दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "आता या ताई, तुमच्यासाठी ठेवलंय."

त्याने तिला स्वतःच्या घरातल्या, कित्येक वर्षं चाललेल्या टाकीतला एक तुकडा दिला, मुठीत मावेल एवढा. डब्यात, ओल्या कागदात गुंडाळलेला. जांभळट, खडबडीत. ती एसटीत सगळा रस्ता डबा मांडीवर धरून बसली होती.

"हा समुद्रातला नाही," तिने मला सांगितलं. "हा टाकीतच जन्मलेला. एवढासा पुरतो म्हणाला. बाकीचे दगड ह्याच्यावरून शिकतात."

आईने डब्यात डोकावलं. "ईरजान," ती म्हणाली. विरजण. आणि तिचा विषय संपला.

तुकडा पांढऱ्या दगडांच्या मधे ठेवला. ह्या खेपेला पाणी धुरकट झालं नाही. काही दिवसांनी काचेवर मला ठिपके दिसले. डोळे चोळले तरी ठिपके होते, आणि ते उड्या मारत होते. मिठाच्या कणाएवढे जीव. मग एका पांढऱ्या दगडाच्या छिद्रातून केसासारखी नळी बाहेर आली आणि तिच्या टोकाला पंखा उघडला. मी हाक मारली आणि हाक मारण्याच्या नादात, कुणाचा हात न धरता, पलंगावर उठून बसलो. बायको पिठाच्या हातांनी धावत आली. तिने आधी मला बघितलं की त्या पंख्याला, हे मी सांगू शकत नाही. तिने एक पिठाचा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि दुसरा काचेवर.

पावसाळा संपता संपता मी पट्टा बांधून घरात फिरू लागलो. पांढऱ्या दगडांवर तोवर जांभळे डाग धरू लागले होते, कपड्यावर जांभूळ सांडावं तसे. त्यानंतर आम्ही मासे आणले, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, दोनच. आईने त्यांना पहिल्या दिवशी जागे करू नका म्हणून सगळ्यांना बजावलं.

डॉक्टरांनी लांबची गाडी चालवायला मनाई केली ती कायमची. मला वाटलं होतं मला फार लागेल ते. लागलं, पण वेगळ्या तऱ्हेने. रस्ते आठवतात, त्यातली झाडं आठवत नाहीत, ह्याचं लागलं. माझ्या ट्रकवर दुसरा ड्रायव्हर आला. फोन बायकोकडेच राहिले, ते मी परत मागितले नाहीत. महिन्या-दोन महिन्यांतून ती एखाद्या फेरीला केबिनमधे बसून जाते. हल्ली मीही जातो, तिच्या बाजूला, खिडकीकडे.

गेल्या वर्षी वाऱ्यापावसात खांब पडला आणि सकाळीच वीज गेली. पंप थांबला. घर एकदम इतकं शांत झालं, की खाडीवरचे पक्षी ऐकू आले. दुकानदाराचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, पाणी हलतं ठेवा, नाहीतर त्याच्यातली हवा संपेल. दगडातले जीवही गुदमरतात.

बायकोने तांब्या घेतला. पाण्यात बुडवायचा, वर उचलायचा, उंचावरून बारीक धार सोडायची. दुपारपर्यंत तिचा हात भरून आला. मग मी घेतला. पाठ कुरकुरली, पण माझं ऐकलं तिने. मग आई स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "द्या इकडं, पानी हालवाचं काम मना शिकवू नका." तिची धार आमच्या दोघांपेक्षा सरळ होती. धारेबरोबर ती काहीतरी गुणगुणत होती. मिठागरावर बाया जे म्हणायच्या त्यातलं असावं, शब्द तिलाही पूर्ण येत नव्हते. जिथे शब्द नव्हते तिथे ती नुसतं "हं, हं" करायची.

उजेड उतरत गेला. दोन्ही मासे धारेखाली येऊन उभे राहिले होते. बायको जमिनीवर बसून मला डाव्या बाजूच्या दगडावर काहीतरी दाखवत होती. मी वाकून बघत होतो, आणि ह्या वेळी मला ते खरंच दिसत नव्हतं.

"अहो, तिथे, छिद्रात," ती म्हणाली.

"कुठे?"

वीज आली. पंप घुरघुरला, दिवा लागला, छताचा पंखा फिरायला लागला. आई गुणगुणत तांब्या भरतच होती.

"छिद्रात," बायको म्हणाली, आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून तिने हळूच थोडं डावीकडे वळवलं.